सगळंच 'मोस्ट अर्जंट'

मी एक जुना रबरी शिक्का आहे. 'मोस्ट अर्जंट' एवढे दोनच शब्द माझ्या अंगावर कोरलेले आहेत आणि ते कधी वापरायचे हे, मित्रांनो, तुम्हा माणसांना आजवर उमगलेले नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर राग आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराने मात्र अक्षर न् अक्षर मन लावून कोरले. एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागात मी आलो, तेव्हा माझा काय रुबाब होता! मी उमटलेला कागद दिसला की लोक अर्धा चहा टाकून उठत. महिन्यातून एखाद्या वेळीच मला शाई लागे.

मग सगळ्यांना माझी चटक लागली. खुर्चीचे चाक, भिंतीचा रंग, काहीही असो, मारा शिक्का. एकदा साहेबांच्या खोलीतल्या पडद्यांचा कागद आला.

"साहेब, पडदे कसले तातडीचे?" टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी विचारले.

"मारा हो! साध्या ट्रेमध्ये टाकलं की लोक झोपा काढतात."

बाईंनी मारला. होता होता माझ्या, म्हणजे तातडीच्या ट्रेमध्ये कागदांचा ढीग साचला आणि साधा ट्रे रोज संध्याकाळी रिकामा होऊ लागला. एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात शिरली नाही.

एके दिवशी बॉयलरच्या झडपेतून वाफ गळत असल्याचा कागद आला. बॉयलरवर बाईंचे यजमानच कामाला होते. तोंडी तक्रार तिथे चालत नसे. बाईंनी मला दोनदा उमटवले.

"आता तरी लगेच बघतील," त्या पुटपुटल्या.

कागद रांगेत पडद्यांच्या मागे गेला. त्याची पाळी येण्याआधीच झडप फुटली आणि यजमानांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"अहो, सांगायचं नाही का?" साहेब ओरडले.

"शिक्का मारला होता, साहेब."

"शिक्क्याचं काय घेऊन बसलात? तो तर सगळ्यांवरच असतो!"

मित्रांनो, शिक्क्याविना गेला असता तर तो कागद त्याच दिवशी कोणीतरी वाचला असता. बाई आता माझ्याकडे बघतही नाहीत आणि त्यांचे काही चुकत नाही. मला पुसा, जपा, असले मी काही मागत नाही. जिवावर बेतेल तेव्हाच मला हात लावा, एरवी लांब राहा. नाहीतर उद्या तुमच्या माणसासाठी मला उचलाल, मी ठळक उमटेन आणि कोणीही उठणार नाही.