बांधापलीकडचा पाहुणा

"अवो भीमण्णा! असं खाली मुंडी घालून कुठं चाललाव? या, या. आंबील वाट बघायलीय तुमची!"

सुशीलाबाईंचा आवाज उभ्या ज्वारीवरून थेट डांबरी रस्त्यावर पोचला. भीमण्णा ग्रामपंचायतीचे मेंबर. ते थबकले, टोपी सारखी केली, मागेपुढे पाहिलं आणि मुकाट बांध ओलांडून रानात आले. येळवशीला हाक आल्यावर पुढे जायची कुणाची बिशाद आहे!

मार्गशीर्षातल्या अमावास्येला या सीमाभागात येळवस म्हणतात. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा करायची आणि मग जेवणं. ज्याला रान नाही त्याने दुसऱ्याच्या रानात जायचं. ज्याला आहे त्याने रस्त्यावरचं एकही माणूस उपाशी जाऊ द्यायचं नाही. गेलंच, तर त्याच्या मागोमाग रानातली लक्ष्मी चालती होते म्हणतात. मराठी घर असो की कानडी, यात कुणाचं दुमत नाही.

सुशीलाबाईंची भज्जी, येळवशीची ती मिसळीची भाजी, तर पंचक्रोशीत नावाजलेली. तुरीचे दाणे, पावटा, घेवडा, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, आंबट चुका, मेथी, कांद्याची पात, सगळं याच रानातलं. दुकानातून आणायचं ते फक्त मीठ. हे त्या दरवर्षी सांगत, आणि जेवणारे दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे माना डोलावत.

यंदा मात्र त्यांनी भज्जीचं पातेलं नेहमीच्या दुप्पट चढवलं होतं. पहाटे मुलगा तानाजी म्हणाला होता, "आई, लगीन हाय का कुणाचं?"

"गप बस. लोकं येणार हायत."

लोक म्हणजे कोण, ते तानाजीला ठाऊक होतं. पंचायतीचे मेंबर. कारण उद्या ग्रामसभा होती.

गावाला बारावीपर्यंतचं कॉलेज मंजूर झालं होतं. शेजारच्या दोन गावांनी त्यावर डोळा ठेवला होता. पंचायतीने पुढल्या काही वर्षांचा आराखडा केला होता. त्यात आठवडी बाजाराला कट्टा होता, डाळ मिलला शेड होतं, आणि सगळ्यात वर कॉलेज होतं. जागा दाखवा, नाहीतर कॉलेज दुसरीकडे जाईल, असं वरून सांगून झालं होतं. सरकारी जागा होती, पण ती माळावर, वस्तीपासून लांब. तिकडे बस जात नाही, झाड नाही, माणूस नाही. तालुक्याचं, भालकीचं कॉलेज बसने गाठायचं म्हणून ज्या आयबापांनी पोरी दहावीनंतर घरी बसवल्या, ते माळावर तरी कशाला पाठवतील? घरी बसलेल्या या पोरींच्या हातात खुरपं येई, आणि खरं सांगायचं तर ते खुरपं बऱ्याचदा सुशीलाबाईंच्याच रानात चाले.

बसथांब्याला लागून, रस्त्याच्या कडेला, पुरेसं मोठं असं एकच रान होतं. हेच. पंचायतीचं म्हणणं, बाईंनी हे रान द्यावं आणि बदल्यात माळावरचं तेवढंच घ्यावं.

"माळावर काय, कुसळं पेरू?" हे ऐकून तानाजी भडकला होता. "ही काळी माती टाकून मुरूम घेऊ? गाव शिकंल आन् आम्ही काय खाऊ?"

त्याचं खोटं नव्हतं. जबरदस्ती कुणी करणार नव्हतं. पण भरल्या सभेत रानाचं नाव निघालं आणि सगळं गाव हात जोडून उभं राहिलं, तर नाही म्हणायला जीभ उचलेल का, याची सुशीलाबाईंना खात्री नव्हती. म्हणून नावच निघू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी भांडण नको की वशिला नको. येळवशीला एकेका मेंबराला बोलवायचं आणि नाकापर्यंत वाढायचं. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. आज हिच्या रानातली भज्जी ओरपायची आणि उद्या तेच रान मागायचं, एवढा बेशरम त्यांच्या गावात कुणी नव्हता.

आणि तसंच झालं. सिद्धेश्वर आले, राघोबा आले, बायकामुलांसकट आले. जेवता जेवता त्यांच्या माना खाली गेल्या. उद्याचा विषय कुणी काढला नाही. बाई मनातल्या मनात एकेकाच्या तोंडाला कुलूप घालत होत्या आणि तोंडाने म्हणत होत्या, "घ्या वो, लाजता कामून? आपलंच रान हाय."

राहिले होते फक्त पंचायतीचे अध्यक्ष, शंकरप्पा.

शंकरप्पांना शेत नाही. गावात किराणा दुकान आहे. दरवर्षी ते सगळ्यांच्या आधी येत, कोपीजवळ घोंगड्यावर बसत आणि आंबिलीचा पहिला पेला घेत. आज सूर्य कलायला लागला तरी पत्ता नव्हता.

"ते बघ तुझे शंकरप्पा," तानाजी म्हणाला.

रस्त्यापलीकडे मोरीच्या कठड्यावर ते बसले होते. उन्हात, एकटे.

सुशीलाबाई बांधापर्यंत गेल्या. "अवो शंकरप्पा! तिथं कामून बसलाव? या की आत."

"नको, अक्का."

"नको? येळवशीला नको म्हणत्यात व्हय कुणी?"

"रानात पाऊल टाकलं तर म्हणता येत न्हाई. म्हणून तर रस्त्यावर बसलोय."

बाईंना अंदाज आला. तरी त्या हसून म्हणाल्या, "काय झालं? माझ्या हातचं कडू लागाय लागलं का?"

शंकरप्पांनी उपरण्याने मान पुसली. "अक्का, उद्या सभेत मला तुमच्या रानाचं नाव घ्यावं लागणार हाय. दुसरा कुणी घेणार न्हाई, ते मला इथनं दिसायलंय. आज तुमची भज्जी खाल्ली, तर माझंबी तोंड ऱ्हाणार न्हाई. म्हणून आज उपाशी ऱ्हातो."

"मग दुसऱ्याच्या रानात जावा. बोलवणारे लई हायत."

"हायत. पण आजवर दुसऱ्याच्या रानात जेवलो न्हाई. सकाळी घरनं निघालो, तर पाय सवयीनं इकडंच आले. आता या वयात नवं रान कुठं धुंडू?"

"बसा मग उन्हात!" सुशीलाबाई फणकाऱ्याने म्हणाल्या आणि मागे फिरल्या. पदराने डोळे टिपले, ते रागाने की कशाने, त्यांनाच कळलं नाही.

कोपीजवळ भीमण्णांचं जेवण आटोपलं होतं. त्यांनी मोठी ढेकर दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, उद्याची काळजी करू नका बरं का. आपल्या रानाचं नाव कोण काढतंय? एवढं खाल्ल्यावर काढंल कोण?"

जे ऐकायला एवढा घाट घातला होता, ते शब्द कानावर पडले, आणि बाईंना ते शिवीसारखे लागले.

त्या पातेल्यापाशी येऊन बसल्या. पळी हातात होती, पण वाढायला कुणी नव्हतं. हरिबा, त्यांचा नवरा, हयात असता तर आज काय म्हणाला असता? अन्न वाढताना त्याने कधी समोरच्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. वाटसरू असो, गारुडी असो, बसचा कंडक्टर असो, सगळ्यांना एकच हाक आणि एकच पळी. शंकरप्पांनाही त्यानेच पहिल्यांदा बोलावलं होतं.

ते वर्ष बाईंना अजून लख्ख आठवत होतं. वरच्या अंगाला पाझर तलाव झाला आणि शंकरप्पांच्या बापाचं सगळं रान पाण्याखाली गेलं. पुढच्या येळवशीला तरणाबांड शंकरप्पा नव्या बायकोला घेऊन याच रस्त्याने चालला होता. हातात डबा नाही, डोक्यावर मडकं नाही. घर उघडं दिसलं तर लोक विचारतील, म्हणून नुसता चालत होता. सगळं शिवार रानात जेवत होतं, आणि त्या दोघांना जायला स्वतःचं रान नव्हतं. हरिबाने हातातला घास टाकला आणि धावत जाऊन त्याला हाताला धरून आणलं. तो पोरगा जेवता जेवता रडला होता. सुशीलाबाईंनी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

तलाव भरला आणि खालच्या विहिरी जिवंत झाल्या. त्यात ही विहीर होती. त्याआधी या काळ्या रानातही एकच पीक निघत असे. वाटाणा, मेथी, चुका, कांद्याची पात, सगळं पुढचं. नावाजलेली भज्जी पुढची. शंकरप्पाचं रान बुडालं तेव्हा हे रान हिरवं झालं. आणि हे त्या माणसाने एवढ्या वर्षांत, एवढ्या जेवणांत, एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आजसुद्धा नाही.

"लाज वाटायला पायजे मला," सुशीलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"काय झालं गं?" तानाजीने विचारलं.

त्यांनी थाळीत ज्वारीचे उंडे घेतले, भज्जी घेतली, खीर घेतली, आंबिलीचा तांब्या भरला आणि रस्त्याकडे निघाल्या.

"आई, त्याला कामून न्यायलीस? ऱ्हाऊ दे की उपाशी!"

त्या रस्ता ओलांडून कठड्यापाशी आल्या. शंकरप्पा गडबडीने उठून उभे राहिले.

"अक्का, मी सांगितलं की..."

"ऐकलं मी. उद्या तुम्ही माझ्या रानाचं नाव घेऊ नका. मी घेते."

शंकरप्पांनी थाळीला हात लावला नाही. मग हळू म्हणाले, "रागानं बोलू नका, अक्का. रान हाय ते. रान गेल्यावर काय होतंय, मला ठाव हाय. उद्या सकाळी उठून न्हाई म्हणलाव तरी मी वाईट वाटून घेणार न्हाई."

"म्हणणार न्हाई. मी आज अन्न वाढून माणसं विकत घ्यायला बसले होते, शंकरप्पा. येळवशीच्या दिवशी. अशा रानात लक्ष्मी कशाला थांबंल?"  मग त्या नेहमीच्या करड्या सुरात म्हणाल्या, "पर फुकट देणार न्हाई. मी काय येडी न्हाई. माळावर पंचायतीनं विहीर पाडून द्यायची. पाणी लागंपर्यंत पाडायची. आन् माझ्या रानात खुरपायला येत्यात त्या पोरींची नावं कॉलेजात आधी घालायची. कबूल?"

"कबूल."

"मग चला आत. थाळी कुठवर धरू?"

शंकरप्पांनी थाळी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्या मागोमाग बांध ओलांडला.

तानाजीने सगळं ऐकलं होतं. तो उठला, बैलांकडे गेला आणि पाठ करून त्यांच्या मानेवर हात फिरवत उभा राहिला. बाईंनी एकदा हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. त्याचा राग खरा होता, आणि तो आज उतरणार नव्हता. माळावर तूर येईल, ज्वारी बरीवाईट येईल, पण आयुष्याची चार वर्षं तरी त्याची दगड वेचण्यात जातील, हे आईलाही दिसत होतं.

शंकरप्पा घोंगड्यावर बसून जेवले. हळूहळू, एकेक घास. खाली मान घालून नाही, समोर रानाकडे बघत. ज्वारी पोटऱ्यात, कणीस धरायच्या बेतात होती, हरभऱ्याला फुलं आली होती, करडईची पानं उन्हात टोचरी दिसत होती. "साकु, अक्का, साकु," ते हात आडवा धरून म्हणत, तरी बाई वाढतच होत्या.

मंडळी एकेक करून पांगली. उन्हं ज्वारीच्या शेंड्यावर आली. सुशीलाबाईंनी रिकामी भांडी एकात एक घातली.

"तुम्ही जेवलाव का?" शंकरप्पांनी विचारलं.

"मी काय, मागनं. जाता जाता खाईन उभ्यानं काहीतरी."

येळवशीला या रानात त्या सासरी आल्यापासून कधी बसून जेवल्या नव्हत्या. सगळ्यांचं होईपर्यंत सांज व्हायची, आणि मग पातेल्याच्या तळाला जे असेल ते.

शंकरप्पा उठले. हात धुतले. घोंगडं झटकून पुन्हा अंथरलं आणि त्यावर मधोमध थाळी मांडली. तळातली भज्जी पळीने खरवडून वाढली, शेजारी उंडा ठेवला, तांब्यातली उरलेली आंबील पेल्यात ओतली.

"या, अक्का," ते म्हणाले. "बसा."

सुशीलाबाईंनी पदर सावरला. कुठे बसावं ते सुचेना, म्हणून क्षणभर उभ्याच राहिल्या. मग घोंगड्याच्या अगदी कडेला, परक्याच्या रानात बसतात तशा, अंग चोरून बसल्या.