एकपासून

थाई बुद्धिबळाच्या पटावर चरूनने खोन हा बुटका मोहरा एक घर तिरका सरकवला, सनानची शेवटची कवडी, म्हणजे प्यादे, उचलली आणि बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा वाजला.

सनानकडे आता एकटा राजा उरला. चरूनकडे राजा, तो खोन आणि पटाच्या पलीकडे पोचून बढती मिळालेल्या, उलट्या ठेवलेल्या दोन कवड्या. डाव गेला होता. चरूनला हे बराच वेळ ठाऊक होते, सनानलाही असावे. आता कॉफीच्या टपरीवरच्या सगळ्यांना ते दिसले.

"झालं," चरून म्हणाला. "ऊठ. पाणी उतरायला लागलंय."

टपरीसमोर कालव्यात उतरणारी लाकडी शिडी होती. तिच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पाचवी दिसली की चरूनची बोट चिखलात बसायची आणि पुढच्या भरतीपर्यंत हलायची नाही. त्याच बोटीतून आज सनानच्या बायकोच्या, लमोमच्या अस्थी मेक्लोंग नदीच्या मुखाशी सोडायच्या होत्या. शंभर दिवसांचा विधी काल देवळात झाला होता. याआधी दोनदा ठरून राहिले होते. एकदा सनानचे पोट दुखले आणि एकदा त्याला बोटीच्या इंजिनाचा आवाज बरोबर वाटला नाही. मुलगी वानपेन चोनबुरीच्या कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून आली होती. तिची संध्याकाळची बस होती, आणि पुढची रजा कधी मिळेल ते तिला माहीत नव्हते.

"डाव संपला की निघू," असे सनान सकाळी म्हणाला होता.

तो उठला नाही. त्याने राजा एक घर मागे घेतला.

"एक," तो म्हणाला.

राजा एकटा पडला तरी डाव लगेच सोडावा लागत नाही. हरणाऱ्याला मोजायचा हक्क असतो. आपल्या प्रत्येक खेळीबरोबर त्याने मोठ्याने आकडा म्हणायचा. समोरच्याकडे एकच खोन असेल तर चव्वेचाळीसपर्यंत मोजायचे, आणि तोवर मात झाली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. पटावर जितके मोहरे उरले असतील तितके आकडे आधीच मोजले असे धरतात. हरणाऱ्याचा तेवढाच फायदा.

सनान हे दर वेळी विसरायचा. तो "एक" म्हणाला की शेजारच्या शेगडीवरून लमोमचा आवाज यायचा, "पाच आहेत. सहापासून." ती पटाकडे पाठ करून नारळाच्या दुधाचे आप्पे करायची, दोन अर्धे एकमेकांवर ठेवून केळीच्या पानात द्यायची. पट ती बघतच नसे. पण तिचा आकडा चुकल्याचे कुणाला आठवत नव्हते. तिच्या आकड्यांवर सनानने कितीतरी हरलेले डाव बरोबरीत सोडवले होते. डाव मात्र त्याने कधी सोडला नव्हता.

"सहा," चरून म्हणाला. "पाच आहेत पटावर."

"माहीत आहे."

"मग सहा म्हण की."

"एकपासून मोजतो."

"डोकं फिरलं काय तुझं? पाच खेळ्या मला फुकट?"

"खेळ."

टपरीची मालकीण बुफा फडक्यात कॉफी गाळत होती. "घे रे चरून, देतोय तर घे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी दोन कवड्या जास्त होत्या तरी तुला मात जमली नव्हती."

"तू कॉफी गाळ. त्यात आधीच गाळ असतो."

चरूनने सनानकडे पाहिले, मग शिडीकडे, आणि कवडी सरकवली.

जिथे लमोमची शेगडी असायची तिथे फळीवर काळा गोल डाग पडला होता. त्या डागावर स्टूल ठेवून वानपेन सकाळपासून बसली होती. मांडीवर पांढऱ्या कापडाचे गाठोडे होते, वर मोगऱ्याची माळ. माळ कोमेजू नये म्हणून ती अधूनमधून पाणी शिंपडत होती.

"बाबा, सोडा ना. हरलाच आहात."

"हरलो नाही. मोजतोय." त्याने राजा बाजूला घेतला. "दोन."

"आणि पाणी?"

सनानने चपला घातल्या, परत काढल्या. अकराव्या खेळीनंतर तो उठून शिडीपाशी गेला, वाकून बघून आला. तिसरी पायरी अर्धी ओली होती. बसल्यावर त्याने राजा हलवला आणि गप्प राहिला.

चरून वाट पाहत होता. आकडा म्हटला नाही तर मोजायचा हक्क जातो.

"आकडा," शेवटी चरूनच म्हणाला.

"हां. बारा."

"मी आत्ता गप्प बसलो असतो तर डाव इथंच संपला होता."

"मग बसायचं होतंस."

चरून घाईने खेळत होता आणि घाईत चुकत होता. दोनदा त्याने सनानच्या राजाला कडेला नेले आणि दोनदा तो दोन कवड्यांच्या मधून निसटला. प्रत्येक वेळी सनान किंचित पुढे झुकायचा आणि लगेच शिडीकडे बघायचा. आपल्याला काय हवे आहे हे त्याचे त्याला धड ठरवता येत नसावे.

"काका, तुम्ही तरी हरा!" वानपेन म्हणाली.

"एकट्या राजाशी हरू कसा? आणि मुद्दाम हरायला मी काय ह्याचा जावई आहे?"

बुफा हसली. वानपेनही हसली, पण लगेच तिने मान खाली घातली. गाठोड्याची गाठ ती पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"छत्तीस."

चौथी पायरी पाण्याबाहेर आली. चरूनची बोट आता शिडीच्या बरीच खाली दिसत होती, आणि दोर ताणला गेला होता.

"सदतीस."

चरूनचा वेग कमी झाला. आता तो प्रत्येक घर बघून खेळत होता. राजा कोपऱ्याकडे चालला होता आणि या वेळी कवड्यांच्या मध्ये वाट नव्हती.

"अडतीस."

बुफाने गाळणे बाजूला ठेवले आणि बाकाशी येऊन उभी राहिली. 

सनानने राजा कोपऱ्यात नेला. दुसरे घरच नव्हते. "एकोणचाळीस," तो म्हणाला.

चरूनने खोन उचलला. तो कुठे ठेवायचा हे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होते. तिथे ठेवला की मात.

"चव्वेचाळीस," मागून आवाज आला.

आवाज मोठा नव्हता. त्यात घाई नव्हती. सनानने मान वळवायला वेळ घेतला.

वानपेन गाठोड्याकडेच बघत होती. "पाच होते ना," ती म्हणाली. "सहापासून चव्वेचाळीस झाले."

चरूनचा हात हवेतच होता. त्याने मनात हिशेब केला आणि खोन जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. "बरोबर आहे पोरीचं," तो म्हणाला. "बरोबरी."

"तुला कुठं येतो हा खेळ?" सनानने विचारले.

"नाही येत. डबा ऐकला." तिने पायाने बाकाखालचा डबा दाखवला. "सत्तावीसदा वाजला. आई म्हणायची, बत्तिसातून वजा करायचे."

सनान डब्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याला हे कधी विचारावेसे वाटले नव्हते. मग त्याने पटाकडे पाहिले, मग शिडीकडे.

"बरोबरी नाही," तो म्हणाला. "मी एकपासून मोजत होतो. माझे पाच बाकी आहेत."

"मग मी मात करतो," चरून म्हणाला.

"थांब."

सनानने स्वतःचा राजा दोन बोटांत धरला आणि हळूच आडवा केला. लाकडी राजा थोडा गडगडला आणि पटाच्या काठाशी थांबला.

"हरलो," तो म्हणाला.

सनानने चपला घातल्या आणि मुलीपुढे हात केले. वानपेनने गाठोडे त्याच्याकडे दिले. ते त्याला वाटले होते त्यापेक्षा हलके होते.

चार पायऱ्या उतरून पाचवीवर पाय ठेवला तेव्हा ती घोट्याएवढ्या पाण्यात होती. बोटीचा तळ एकदा चिखलाला घासला. चरूनने शिवी हासडली, बांबू रोवला आणि बोट सुटली.

नदीच्या मुखाशी चरूनने बोट तीनदा गोल फिरवली. सनानने कापडाची गाठ स्वतः सोडली. मोगऱ्याची माळ ओहोटीबरोबर समुद्राकडे गेली आणि बराच वेळ दिसत राहिली. वानपेनने घड्याळ पाहिले. बस मिळणार होती.

चाळीसपासून पुढचे पाच आकडे मोजायचे राहिले.