आधी चिठ्ठी, मग नळी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची पोटची मुलगीसुद्धा! "तिथे बाबा म्हटलं तर लोक मला वशिल्याचं तट्टू म्हणतील," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नातं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिने नियम पाळला.

काका तीस वर्षं काचेच्या सुया ओढत होते, टोक डोळ्याला दिसणारही नाही इतक्या बारीक. अशी सुई पेशीला चिकटवली की एकाच सूक्ष्म दारातून वाहणारी वीज पडद्यावर पायरीसारखी उमटे. नसेचा निरोप आला की स्नायूवरचं हे दार उघडतं. निकोटीननेही उघडतं, म्हणून नाव निकोटिनिक रिसेप्टर. स्नायू दुबळे करणाऱ्या एका जनुकीय आजारात हे दार वेळेवर मिटतच नाही, असं मुलीचं म्हणणं होतं. चार वर्षं ती त्याच्याच मागे होती.

रोगी कोणता, निरोगी कोणता, हे तिला कळू नये म्हणून पेशींच्या नळ्यांवर काका गुप्त आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत. आज कोणता आकडा कुणाचा हे टिपलेली त्यांची वही सर्वांसमोर उघडली. तिच्या निष्कर्षांशी बारापैकी दहा नळ्या जुळल्या, दोन नेमक्या उलट्या निघाल्या.

"त्या दोन वगळ," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "एखादा दिवस वाईट जातो."

"नाही मॅडम. नावडतं वगळत गेले तर शेवटी माझं मतच उरेल. दोन्ही राहतील, मग माझा शोधलेख अडकला तरी चालेल."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि लगेच त्यांना आठवलं. त्या दोन नळ्या भरताना फ्रीजरचा भोंगा वाजला होता! 'आधी चिठ्ठी, मग नळी भरा' असं विद्यार्थ्यांना कानीकपाळी ओरडून सांगणाऱ्या काकांनी त्या घाईत नळ्या आधी भरल्या होत्या आणि चिठ्ठ्या मागाहून लावल्या होत्या. गप्प बसावं तर लेकीची मेहनत पाण्यात, बोलावं तर लोक म्हणणार, बाप लेकीला वाचवतोय.

ते उभे राहिले. "चूक माझी असेल. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. त्याच नळ्यांतल्या उरलेल्या पेशी फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचं जनुक बाहेर तपासून घ्या. मी हातही लावणार नाही."

चार दिवसांनी अहवाल आला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मुलीने बाराच्या बारा नळ्या अचूक ओळखल्या होत्या. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात काकांच्या होत्या.

मग तिने लेखात घातलेली ओळ त्यांना वाचून दाखवली : 'दोन चिठ्ठ्या बदलल्या गेल्या होत्या. ज्यांच्या हातून चूक झाली, त्यांनीच ती सांगितली.' खाली काकांचं पूर्ण नाव होतं.

"अगं, तीस वर्षांत एक चूक झाली, आणि ती जगभर छापणार?"

"छापणारच, बाबा," ती म्हणाली. भर प्रयोगशाळेत, सगळ्यांच्या देखत.

काकांनी नवी नळी उचलली आणि तिच्यावर आधी चिठ्ठी लावली.