धरणाच्या वरचं पाणी

दोन हजार चार सालच्या आषाढात महाळुंगे पडवळचे तिघे मित्र जीप घेऊन डिंभे धरणाच्या वर, आहुप्याच्या बाजूच्या खोऱ्यात निघाले. त्यांतल्या रखमाजीला खरं तर जायचंच नव्हतं. पण नाही म्हणायला जी छाती लागते, ती त्याच्याकडं नव्हती. मंचरच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, म्हणून दोघं त्याला गुर्जी म्हणायचे. जीप कुंडलिकची, नुकतीच लिलावात घेतलेली. चारही चाकांना जोर असलेली ही गाडी चिखलात कशी चालते ते बघायचं, एवढंच निमित्त होतं. तिसरा गेणभाऊ. त्याला कुठंही चला म्हटलं की तो चपला घालूनच उभा.

वाटेत चाक कडेला गेलंय, असं रखमाजीनं दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा जीप नीट निघाली आणि गेणभाऊ म्हणाला, "गुर्जींना पुस्तकात मिटून आणायला पायजे व्हतं." त्यावर दोघं इतके हसले की रखमाजीनं पुढं तोंड न उघडायचं ठरवलं.

दुपारी ते खोऱ्याच्या तळाशी उतरले. जीप मडगार्डपर्यंत लाल चिखलानं माखली होती. कुंडलिकची एक सवय होती. कुठूनही आला की गाडी गावच्या घोडनदीत घालायची, चाकं पाण्यात ठेवून धुवायची आणि मगच घरी न्यायची. समोर ओढा दिसताच त्यानं जीप सरळ पात्रात नेली. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होतं. इथं उघडीप होती. वर कड्यावर मात्र ढग असे बसले होते की डोंगराला माथाच उरला नव्हता. ओढ्याच्या काठावर एक म्हातारा खाचरात चिखलणी करत होता. त्यानं बैल थांबवून हात हलवले. गेणभाऊनंही हात हलवून रामराम केला.

रखमाजी काठाच्या दगडावर बसला होता. नितळ पाणी त्याच्या देखत चहासारखं झालं. मग पानं वाहत आली, हिरवीगार, देठासकट तुटलेली. शेवटी तो हळूच म्हणाला, "कुंडलिक, पाणी फिरलंय. वर पाऊस दिसतोय."

कुंडलिक पुढच्या चाकापाशी बसून खुरप्यानं चिखल काढत होता. त्यानं वरही बघितलं नाही. "अरे, धरण खाली राह्यलं. इथं पाणी सोडणार कोण, तुझा आजा?"

त्यांचं गाव धरणाच्या खाली, तिथं ते खरंच होतं. धरण झाल्यापासून घोडनदीला पूर यायचा तो निरोप धाडून. आदल्या दिवशी चावडीवर सांगितलं जायचं, मग लोक नदीवरच्या पाण्याच्या मोटारी उचलायचे, गुरं अलीकडं आणायचे. निरोप नाही म्हणजे पूर नाही. रखमाजीलाही वाटलं, आपलंच चुकत असेल. आपलं चुकतंच.

चाकाखालचा दगड सरकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. जीप जराशी कलली, खाली बसली. कुंडलिकच्या हातातलं खुरपं पडलं आणि तो नुसता "पाय" म्हणाला.

पाऊल टायर आणि खडकाच्या फटीत अडकलं होतं. गेणभाऊनं जीप ढकलून पाहिली. ती हलेना. इंजिनात पाणी शिरलं होतं, ते नुसतं खोकून बंद पडलं. जॅक पाण्यात टिकेना. एवढ्यात पाणी कुंडलिकच्या मांडीला लागलं. रखमाजीला पोहता येत नव्हतं. आपण पाण्यात कधी उतरलो, हे त्याला पुढं कधीच आठवलं नाही.

खाचरातला म्हातारा दोन कासरे एकत्र वळत धावत आला. त्याचं नाव भागू. "मघापास्नं हात करतोय राव," तो धापा टाकत म्हणाला, "निघा म्हून."

गेणभाऊनं कासरा हिसकून घेतला आणि जीपला बांधला. दुसरं टोक काठावरच्या जांभळीला. जीप वाहून गेली तर कुंडलिकला घेऊनच जाणार, म्हणून ती धरून ठेवायची, असा त्याचा हिशेब. पाणी कमरेवर आलं. कुंडलिकचे दात वाजायला लागले.

तेव्हा रखमाजीच्या ध्यानात आलं की जीपचा मागचा भाग डुलतोय. पाणी तिला उचलत होतं. आणखी हातभर चढलं तर पुढचं चाकही सुटणार होतं. पण हातभर म्हणजे कुंडलिकच्या छातीच्या वर. आणि आपलं चुकत असलं तर?

"गेणभाऊ, कासरा सोड. ह्याच्या काखेतनं बांध."

"येडा झाला का? गाडी जाईल."

"जाऊ दे. गाडी खालच्या अंगाला हाय, आपण वरच्या. पाणीच उचलंल तिला."

गेणभाऊ भागूकडं बघायला लागला. भागूनं पाण्याकडं बघितलं आणि जीपची गाठ सोडून कासरा कुंडलिकच्या काखेतनं बांधला.

मग वाट बघणं आलं. जे पाणी जीव घेणार, तेच चढायची वाट. रखमाजीनं पाठीमागून कुंडलिकच्या काखेत हात घातले. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. कुंडलिक मान वर करून म्हणाला, "रखमा, हिला सांग घरी..." पुढचं पाण्यात गेलं. चुकलं, रखमाजीला वाटलं, आपण ह्याला मारलं.

जीप उठली. एखादं जनावर उठतं तशी, आधी मागून. कुंडलिक पाण्याखाली ओढला गेला, कासरा ताणला, आणि एकदम सगळं वजन रखमाजीच्या अंगावर आलं. दोघं पाण्यात गडगडले. भागू नि गेणभाऊनं ओढून काढलं तेव्हा जीप वळणावरच्या खडकावर उलटून दिसेनाशी झाली होती.

कुंडलिकचं पाऊल वाकडं झालं होतं. तो काठावर पडून ओढ्याकडं बघत होता.

"रखमा, अजून वाढंल का?"

रखमाजीनं पाण्याकडं पाहिलं. आता पानं नव्हती, मुळासकट झुडपं येत होती.

"वाढंल," तो म्हणाला. "वर चला."

भागूनं कुंडलिकला पाठीवर घेतलं. गेणभाऊ मागून चढू लागला. रखमाजी सगळ्यात शेवटी होता आणि मागं वळून बघायची त्याला हिंमत होत नव्हती. खालून दगडांवर दगड आपटल्याचा आवाज येत होता, आणि तो चढणीबरोबर कमी होत नव्हता.