तांदळाच्या पिपातला कोप

मी एक जुना कोप आहे. काचेच्या पेल्याला आमच्या पेडण्याकडे कोप म्हणतात. जुना झालो म्हणून मी हळू आवाजात बोलणार नाही. माझ्या बुडाचा एक टवका उडालेला आहे आणि पोटावर एक उठावाची रेघ आहे. टवक्याची मला लाज नाही आणि रेघेचा मला अभिमान आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या लहानांनी माझी गोष्ट नुसती ऐकावी. मोठ्यांनी ती लक्षात ठेवावी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. तापलेली काच साच्यात ओतली, वरून दाब दिला आणि साच्यातली खाच माझ्या पोटावर रेघ होऊन राहिली. गवतात गुंडाळलेले आम्ही सहा भाऊ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आलो. तिथे सगुण नावाच्या माणसाने आम्हांला घेतले. पेडण्याच्या डोंगरात त्याची काजूची बाग होती. हंगामात तो काजूच्या रसाची हुर्राक, म्हणजे पहिल्या उकळीची हलकी दारू, गाळायचा. पहिली धार तो माझ्यात धरायचा आणि बागेच्या टोकाला राखणदाराच्या, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाच्या, दगडावर ओतायचा. त्यानंतरच घरातल्यांनी चाखायची, असा रिवाज होता. एका वर्षी घाईत मी त्या दगडावर आपटलो. टवका तिथेच उडाला. सगुणने मला फेकले नाही. राखणदाराने थोडी काचही चाखली, असे म्हणून तो हसला आणि मला धुऊन त्याने परत फळीवर ठेवले.

सगुण भट्टीवर दिवसभर राबायचा, पण स्वतःसाठी माझ्या रेघेपर्यंतच घ्यायचा. त्याच्या बायकोचे नाव शेवंती. तीही त्याच्याबरोबर जेवताना एक घोट घ्यायची. माझे पाच भाऊ एकेक करून फुटले. मग सगुणही गेला. बाग दुसऱ्याकडे कसायला गेली, भट्टी विझली, आणि घरात शेवंती, तिचा मुलगा रुद्रेश आणि नात तनया राहिली. तनयाची आई ती लहान असतानाच वारली होती.

हुर्राक शेवंतीच्या म्हाताऱ्या पोटाला सोसेना. तेव्हापासून ती वाइन घेऊ लागली. तुम्हांला वाटेल, त्यात काय मोठेसे. दुकानात जावे, बाटली उचलावी. मी तसे मानत नाही. स्वस्त वस्तू निवडायला महाग वस्तूपेक्षा जास्त अक्कल लागते आणि ती शेवंतीपाशी होती.

पेडण्याच्या बाजारातल्या दुकानात ती दारातल्या उन्हात मांडलेल्या बाटल्यांकडे पाहतसुद्धा नसे. कुठले खोके लवकर संपते, एवढेच ती दुकानदाराला विचारायची. लवकर संपणारी म्हणजे दुकानात न तापलेली. साठी उलटल्यावर ती तनयाच्या पाटीवर अक्षरे शिकली होती. तेव्हापासून बाटली उलटी करून मागची तारीख वाचायची. पुढचे द्राक्षांचे चित्र तिच्या लेखी कोरे होते. मग ती एकच लहान बाटली घरी आणायची, पिळून बंद करायच्या झाकणाची. त्या दिवशी थोडी माझ्यात ओतून चाखायची आणि बाटली बंद करून ठेवायची. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, बांगड्याच्या हुमणाबरोबर. आमचे हुमण, म्हणजे माशाची आमटी, आंबट आणि तिखट असते. आदल्या दिवशी उघडलेली वाइन जर त्या हुमणापुढे टिकली, तरच ती घरात राहायच्या लायकीची. टिकली नाही तर त्या दुकानदाराला चार शब्द ऐकावे लागत. टिकलेल्या वाइनच्या सहा बाटल्या ती आणायची आणि स्वयंपाकघरातल्या मातीच्या भिंतीला, न्हाणीच्या बाजूच्या गार कोपऱ्यात आडव्या ठेवायची. एका बाटलीची किंमत विसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, दोन तुकड्यांएवढी. मी तिच्या हातात रोज एकदा भरलो आणि रोज एकदा रिकामा झालो. रेघेपर्यंत.

आता माझ्या अपमानाची गोष्ट सांगतो.

तनया तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. तिथेच नितीन नावाच्या मुलाशी तिचे जमले. त्याचे आईवडील भैरू आणि सिंधू कोल्हापूरकडून कामाला आलेले, आता इथलेच झालेले. एका रविवारी ते मुलीचे घर पाहायला येणार होते. तनयाचा सारा जीव त्या रविवारात अडकला होता.

रुद्रेशची झोप उडाली. त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेचे शोकेस आहे. त्यात बल्ब आहे. त्या बल्बाखाली दोन वर्षे एक परदेशी बाटली उभी होती, त्याच्या साहेबाने दिलेली. सकाळचे ऊनही खिडकीतून थेट तिच्यावर पडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवायचा. ती त्याची शोभा होती. आणि मी, रोज स्वच्छ धुतला जाणारा मी, त्याची लाज होतो. विधवा आई रोज जेवताना वाइन घेते हे घाटावरच्या माणसांना कळले तर लग्न मोडेल, असे तो म्हणाला. रविवारी सकाळी त्याने शेवंतीची बाटली न्हाणीत सरपणामागे ठेवली आणि मला तांदळाच्या पिपात कोपरभर खोल खुपसले.

शेवंती चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "रुद्रेशा, मी काय चोरी केलंय?"

"चोरी नाय गे आई. एक दिवसाचो प्रश्न."

"शोकेसातली बाटली लपय मगे."

"ती महाग आसा."

तनया मध्ये उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. नातीसाठी शेवंती गप्प राहिली. मी मात्र तांदळात धुमसत होतो.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. पिपाचे झाकण अर्धवट राहिले होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. भैरूने शोकेसकडे पाहून बाटलीची सहज चौकशी केली. रुद्रेश त्याचीच वाट पाहत होता. आजच्यासारखा दिवस नाही म्हणत त्याने ती खाली काढली. बूच निघता निघता कुसकरले. भैरूने सभ्यपणाने एक घोट घेतला आणि त्याला असा ठसका लागला की सिंधूने त्याची पाठ चोळली. आंबट वास स्वयंपाकघरापर्यंत आला. वाइनचा केव्हाच शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता.

रुद्रेश ओशाळला आणि घाईने बोलून गेला, "आमच्या घरात कोण घेत नाही ना, म्हणून तशीच राहिली."

मित्रांनो, तेवढे एक वाक्य शेवंतीला सोसले नाही. ती आत आली. तिने पिपात हात घातला आणि मला बाहेर ओढले. सरपणामागची बाटली काढली. माझ्या अंगाला तांदूळ चिकटलेले होते. तसेच तिने मला पाहुण्यांसमोर ठेवले.

"माझो झील खोटा बोलला," ती म्हणाली. "ह्या घरात मी घेतंय. रोज, जेवताना, ह्या रेघेपर्यंत. तुमका चालत नसात तर आत्ताच सांगा. माझ्या नातीक मागाहून बोल लावू नका."

तनयाने पदराचे टोक मुठीत धरले होते. रुद्रेश जमिनीकडे पाहत होता. मग सिंधूने मला उचलले आणि बोट माझ्या रेघेवरून फिरवले.

"मावशी, या रेघेच्या वर कधी गेलाय काय?"

"एकदा. आमचे हे गेले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी डोक्या दुखला, आणि हे काय परत येवक नाय."

भैरू हसणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून थांबला. सिंधू हळू बोलली.

"माझ्या बापाची बाटली वैरणीत असायची. आमच्या घरात बाटली कधी कुणाला दिसली न्हाई. आईच्या अंगावरचं वळ तेवढं दिसायचं."

मग तिने जे सांगितले ते सांगताना माझ्या काचेला आजही गारवा येतो. तेव्हापासून ती कुणाच्याही घरात लपवलेले काय आहे तेच शोधत आली होती. इथे समोर आणून ठेवलेले तिला पहिल्यांदाच दिसले. तिने मला आपल्या पदराने पुसले आणि ती शेवंतीला म्हणाली, "हे फळीवर ठेवा. पिपात नगं." ती स्वतः वाइनचा थेंबही घेत नाही. त्या दिवशीही घेतला नाही.

ओटी भरायला तांदूळ हवे होते. शेवंतीने त्याच पिपातून सुपलीभर काढले. सकाळी मी ज्यांत पुरला गेलो होतो, तेच तांदूळ सिंधूने नारळाबरोबर तनयाच्या ओटीत घातले.

त्या परदेशी बाटलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. शेवंतीने त्या शिरक्याने न्हाणीतला तांब्याचा हंडा घासला. हंडा असा लखलखीत पूर्वी कधी झाला नव्हता.

गोष्ट नातेवाइकांत पसरली. मग एके दिवशी रुद्रेशने मला उचलले आणि तो शोकेसमध्ये बल्बाखाली ठेवू लागला. आता मी त्याला दाखवण्यासारखा वाटू लागलो होतो. शेवंतीने त्याच्या हातून मला काढून घेतले. तनयाने सासरी जाताना मला मागितले, तेव्हाही ती म्हणाली, "हो माझो. तुझो तू बघ."

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मला पिपात पुरू नका आणि बल्बाखाली उभा करू नका. घरात जे रोज लागते ते रोजच्या जागी, सगळ्यांच्या नजरेसमोर असू द्या. मला नीट धुवा, पालथा घाला, आणि भराल तेव्हा रेघ बघा. दुपारचे बारा वाजत आले. चुलीवर हुमणाला कढ आला आहे आणि काल उघडलेली नवी बाटली आज परीक्षेला बसायची आहे. मला फळीवरून काढा.