हिरवं आधी की नारिंगी

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं भांडण झालं ते प्लास्टिकच्या एका पट्टीवरून. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांनी जन्मात कधी केबल ओढली नाही, त्यांना पट्टीचं महत्त्व काय कळणार!

इमारतींमध्ये नेटवर्कच्या केबली टाकणं हा आमचा धंदा. प्रत्येक टेबलापासून एक केबल निघते, भिंतीतून, छतावरून फिरत फिरत एका छोट्या खोलीतल्या लोखंडी रॅकपाशी येते. कंपनीत माणसं तीन. टेबलांकडची टोकं सासरे जोडतात, रॅककडची मी जोडतो, आणि माझी बायको टेस्टिंगचं मशीन घेऊन आम्हा दोघांच्या चुका काढते. हे काम तिला मशीनशिवायही उत्तम जमतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोनच्या तारांत गेली. बांधलेली वस्तू बांधलेली दिसली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते केबलींचा जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळतात आणि वर पकडीने एक झटका देतात. मी कापडी पट्टी वापरतो, तीही सैल. केबल फार आवळली की आतल्या तारांचा पीळ बिघडतो, असं पुस्तकात लिहिलंय. मामा म्हणतात, पुस्तक लिहिणारा कधी शिडीवर चढला होता का?

तर एका नव्या वाचनालयाच्या इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या इंजिनिअरसाहेबांच्या देखत माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, केबल बांधताय की फाशी देताय?"

साहेब हसले. मामा शिडीवरून उतरले, पकड खिशात घातली आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले.

बंद म्हणजे अगदी बंद. मी शिडीवर उभा असायचो आणि मामा खाली उभे राहून मुलीला फोन लावायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, शिडी मोकळी कर म्हणावं." मीही काही कमी नाही. मी वरूनच फोन उचलायचो, "तुझ्या बाबांना सांग, दहा मिनिटं लागतील." बायको आमच्या कंपनीच्या दुकानात बसून, एकमेकांपासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती. असे बारा दिवस गेले. चूक माझी होती हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. एका केबलीत आठ रंगीत तारा असतात. त्या टोकाला जोडायचे दोन क्रम आहेत. एकात हिरवी जोडी आधी येते, दुसऱ्यात नारिंगी. दोन्ही क्रम बरोबर. अट एवढीच, की केबलीच्या दोन्ही टोकांना एकच क्रम हवा. मामा टेलिफोनवाले, त्यांचा हात आपोआप हिरव्याकडे जातो. माझा नारिंगीकडे. म्हणून कुठलंही काम सुरू करताना पहिल्या चहाला मामा विचारतात, "काय जावईबापू, हिरवं की नारिंगी?" मी म्हणतो, "तुम्ही म्हणाल ते." मग ते ज्या दिवशी जे म्हणतील ते. आजवर कधी चुकलं नाही.

वाचनालयात केबली ओढेपर्यंत आम्ही बोलत होतो. टोकं जोडायची वेळ आली तेव्हा अबोला होता. चहा दोघांनी दोन खिडक्यांत उभं राहून घेतला.

शनिवारी बायको मशीन घेऊन आली. मशीनचे दोन भाग असतात. एक तिने रॅकपाशी लावला, दुसरा घेऊन मी टेबलांकडे फिरलो. पहिली केबल नापास. दुसरी नापास. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नापास झाल्यावर तिने मशीन बंद केलं आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"तुम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा नाही?"

"हिरवंच आधी असतं," मामा भिंतीकडे बघत म्हणाले. "सांग तुझ्या नवऱ्याला."

"हल्ली सगळीकडे नारिंगी करतात," मी छताकडे बघत म्हणालो. "सांग तुझ्या बाबांना."

"मी कुणालाही काहीही सांगणार नाही!" ती कडाडली. "सोमवारी बारा वाजता साहेब बघायला येणार. कुणीतरी एकाने आपलं टोक बदला. कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा. बारापर्यंत सगळ्या पास झाल्या नाहीत, तर बाबा, तुम्ही घरी बसायचं. आणि तुम्ही हो, तुम्ही दुसरीकडे नोकरी धरायची. मी बाहेरची माणसं लावून कंपनी चालवीन. निदान ती एकमेकांशी बोलतील तरी."

माझी बायको उगाच धमकी देत नाही. एकदा म्हणाली होती, पुन्हा ओला टॉवेल पलंगावर दिसला तर खिडकीतून टाकीन. तो टॉवेल आम्हाला परत मिळाला नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. नोकरीचं माझं काही नव्हतं, कुठेही मिळाली असती. पण मामा घरी बसलेले मला डोळ्यांपुढे दिसत होते. मागे एकदा तापाने ते पंधरा दिवस घरी होते. तेवढ्यात त्यांनी घरातली यच्चयावत वायर उघडली. दारावरची बेल दाबली की न्हाणीघरातला दिवा लागायला लागला. ताप उतरला तरी चेहरा उतरलेलाच होता. कामावर आले, हातात पकड घेतली आणि माणूस उजळला. हा माणूस माझ्या जिभेपायी कायमचा घरी बसणार होता. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी "केस कापून येतो" म्हणून मी बाहेर पडलो. वाचनालयाच्या पहारेकऱ्याला दार उघडायला लावलं आणि रॅककडची अठ्ठेचाळीस टोकं सोडवून पुन्हा जोडली. हिरवी आधी. बोटं सोलली, पण मन हलकं झालं. मशीन बायकोच्या कपाटात कुलपात होतं, त्यामुळे तपासता आलं नाही. पण तपासायचं काय? मामांचं टोक हिरवं आहे हे मला झोपेतही माहीत होतं. दुपारी घरी आलो. बायकोने माझ्या न कापलेल्या केसांकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही तिघं वाचनालयात. मी मनातल्या मनात शीळ घालत होतो. मामाही विचित्र खुशीत दिसत होते. मला वाटलं, बघ, म्हातारबा ऐटीत आहेत. जावई वाकणार हे ह्यांना आधीच माहीत होतं.

बायकोने पहिली केबल लावली. नापास.

दुसरी. नापास.

"असं कसं होईल?" मी आणि मामा एकदमच ओरडलो. मग बारा दिवसांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

"कसं होईल म्हणजे?" बायको म्हणाली. "कुणी बदललंय का काही?"

मी छताकडे बघितलं, मामांनी भिंतीकडे. शेवटी दारात उभा असलेला पहारेकरी खाकरला. "ताई, मी सांगणार नव्हतो. काल सकाळी हे आले होते, त्या खोलीत बसले. हे गेले आणि दुपारी काका आले, ते टेबलांखाली शिरले. दोघंही मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस."

"बाबा? तुम्ही तर दाताच्या डॉक्टरकडे गेला होता!"

"रविवारी कुठला डॉक्टर," मामा पुटपुटले. "मी नारिंगी करून टाकली सगळी. म्हटलं, माझं काय, आज आहे उद्या नाही. पण हा दुसरीकडे गेला तर तुझ्या संसारात वाकडं येईल. मी काय एवढा हट्टी आहे?"

मी रॅककडे बोट केलं. "मामा, मी हिरवी केली हो."

बायको मटकन खाली बसली. मला वाटलं आता मशीन फेकून मारते. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. मग तिने घड्याळ बघितलं आणि हसू थांबलं.

"सव्वानऊ. आता कुठलं टोक बदलायचं?"

"माझं," मी म्हणालो.

"नाही, माझं," मामा म्हणाले. आणि आम्ही भांडायला लागलो. पण समोरासमोर.

निकाल केबलीनेच लावला. प्रत्येक वेळी जोडताना तार इंचभर कापावी लागते, आणि मामांना वाया घालवायचा भारी राग, त्यामुळे टेबलांकडे त्यांनी जेमतेम दोन-तीन बोटंच जादा केबल ठेवली होती. तिथे आता कापायला काही उरलं नव्हतं. मी मात्र रॅकमागे हातभर वेटोळं ठेवलेलं. त्यावरून मामांनी मला पूर्वी उधळ्या म्हटलं होतं. आज त्यांनीच ते वेटोळं ओढून बाहेर काढलं.

दोघं रॅकपाशी मांडी घालून बसलो. ते सोलायचे, मी जोडायचो. पहिली तार हातात घेताना मामांनी सवयीने विचारलं, "काय जावईबापू, हिरवं की नारिंगी?"

"तुम्ही म्हणाल ते."

"खबरदार!" बायको मागून ओरडली. "तुम्ही दोघांनी काहीही म्हणायचं नाही. टेबलांकडे नारिंगी आहे, इथेही नारिंगी!"

मशीनचा दुसरा भाग तिने पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि आमच्या पाठोपाठ एकेक केबल तपासत सुटली. तो प्रत्येक टेबलावरून "लावलं हो ताई!" असं ओरडायचा, सगळी इमारत घुमायची. बाराला पाच कमी असताना अठ्ठेचाळिसावी पास झाली. सगळ्या पास झाल्याचा मशीनचा कागद साहेबांसाठी तयार झाला. शनिवारचा नापास कागद घरीच होता. सोमवारी पुन्हा नापास झालेल्या दोन केबलींचा कागद मात्र बायकोने घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढच्या भांडणाला लागेल म्हणून.

साहेब जिना चढत होते. तेवढ्यात मामांनी जुडगा बांधायला माझ्यापुढे हात केला. मी कापडी पट्टी खिशात सारली आणि प्लास्टिकची दिली. त्यांनी ती लावली, पकड काढली, माझ्याकडे बघितलं, आणि पकड पुन्हा खिशात ठेवून बोटांनीच हलकी ओढली.

"बघा बरं," ते म्हणाले, "फाशी बसली का?"

मी पट्टीखाली बोट घातलं. आरामात गेलं.

"नाही मामा," मी म्हणालो, "श्वास चालू आहे."