पोळ्यांची पावलं

सरोजिनीबाईंच्या मनगटावर घड्याळ चढलं आणि त्यांच्या नवऱ्याला, शरच्चंद्ररावांना, निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली. पहारेकऱ्याची. घड्याळ पावलं मोजायचं आणि आकडा रावांच्या मोबाइलवर उमटायचा. वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांचं ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि घड्याळ झोपतानाही काढायचं नाही, असंही. कसबा पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यात जायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवायचं. एरवी बाईंनी दोन वर्षांत रस्ता पाहिला नव्हता. ऑपरेशन त्यांना हवंच होतं.

शरच्चंद्ररावांना मात्र बायको बारीक होण्यापेक्षा तिला पकडण्यात रस होता. तिच्या ताटातला भात कमी करायला लावायचा आणि तिच्यासमोर बसून जिलबी हाणायची, असा हा हितचिंतक.

एका रविवारी त्यांचे मित्र जेवून गेले आणि रावांनी मोबाइल पुढे धरला.

"आज आपण सिंहगड चढून आलात वाटतं?"

"पोळ्या लाटत होते. तुमच्या मित्रांसाठी."

"म्हणजे नुसता हात हलवून पावलं! डॉक्टरांना फसवतेस? उद्यापासून स्वयंपाकघरात घड्याळ घालायचं नाही."

सरोजिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर राबलेल्या हातांचा हिशेब कुणी ठेवला नाही. एका यंत्रानं चुकून ठेवला, तर तोही ह्या माणसाच्या डोळ्यांत खुपला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी कुकरची शिट्टी नाही. राव तणतणत बाहेर आले. बाई गॅलरीत कठडा धरून चालत होत्या.

"स्वयंपाक?"

"स्वयंपाकघरात घड्याळ घालायचं नाही म्हणालात. डॉक्टर म्हणाले, काढायचं नाही. मग मी आत जाऊ कशी?"

"जास्त शहाणपणा नको!"

"नियम तुमचाच आहे."

त्या दिवसापासून घरात डबा सुरू झाला. रावांनी आदळआपट केली, अबोला धरला, डब्यातल्या भाजीला नावं ठेवत ती चाटूनपुसून संपवली. बाई दातओठ खात चालत राहिल्या. गुडघे ठणकायचे, डोळ्यांत पाणी यायचं. पण राग कामी आला. वजन उतरलं.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सहज विचारलं, "गुडघे बरे झाले की काय करायचंय, आजी?"

"ओट्याशी उभं राहता आलं की झालं," रावांनी परस्पर उत्तर दिलं. "डब्याला विटलोय मी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जिना उतरायचाय. विश्रांतवाडीला माझी बहीण राहते, नीरजा. तिच्याकडे जायचंय."

"जाल की. उतरणं आधी जमेल, चढायला थोडा वेळ लागेल."

"चढायचा नाहीये, डॉक्टर," सरोजिनीबाई म्हणाल्या. "उतरण्यापुरते करून द्या."